‘आर्मीचं परमिट’ काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

नॉर्थ कॅरोलायनात, विशेषतः रालीच्या आसपास, आपली बरीच मंडळी सध्या मोठे प्लॉट घेतायत. प्लॉटमधून क्रीक जात असेल किंवा कोपऱ्यात पाणथळ जागा असेल, आणि कोणी म्हणालं की “परमिटचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त चेक द्या”, तर चेकबुक काढण्याआधी हे वाचा. आम्हा चार कुटुंबांचे ३७,०५० डॉलर असेच गेले.

माणूस आपल्याकडचाच. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मला ताई, नवऱ्याला दादा, बोलणं एकदम मोकळं. आमच्या जमिनीवर घरांच्या जागेपर्यंत जायला क्रीक ओलांडून ड्राइव्हवे लागणार होता. क्रीकमध्ये पाइप टाकून वर भराव करायचा, तर क्लीन वॉटर अॅक्टच्या कलम ४०४ खाली आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची परवानगी लागते. हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. फसवणाऱ्याची निम्मी माहिती खरी असते, हीच तर पंचाईत. विनापरवाना भराव केला तर दंड दिवसाला साठ हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो, हेही खरंच सांगितलं, आणि आम्ही पुरते घाबरलो. आमच्या रिअल्टरचं तर म्हणणं होतं की सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सॅकेट निकालानंतर वेटलँडला, म्हणजे पाणथळीला, काही लागतच नाही. हे मात्र चूक. नियमित वाहणाऱ्या पाण्याला सलग जोडलेली पाणथळ त्या निकालानंतरही कायद्यात आहे, आणि आमची तर थेट क्रीकलाच चिकटलेली.

“ताई, आर्मीचं ऑफिस आहे, तिथे आपण थेट फोन करायचा नसतो. फाइल बिघडते.” हे वाक्य मी आता विसरणं शक्य नाही. नावात आर्मी असली तरी परवान्याचा विभाग साध्या नागरी कर्मचाऱ्यांचा आहे. जमीनमालकाने फोन करावा, ईमेल करावा, अशीच त्यांची अपेक्षा असते.

पहिला हप्ता ४,२०० डॉलरचा, पाणथळीची हद्द आखायला. एक पोरगा आला, गुलाबी झेंड्या रोवून गेला. हद्द खरोखर आखायची तर तीन गोष्टी बघतात: पाणथळीत वाढणारी झाडं, पाण्याच्या खुणा आणि माती. मातीसाठी गिरमिटाने भोकं पाडून वर आलेला रंग तक्त्याशी ताडून बघावा लागतो. पुढे आम्ही नेमलेल्या नव्या सल्लागार बाईंनी तसं केलं, तेव्हा खालून राखाडी, गंजाचे ठिपके असलेली माती निघाली, ही पाणथळीचीच खूण. पहिल्या पोराच्या झेंड्यांच्या आसपास एकही भोक नव्हतं.

मग १,८५० डॉलर ‘सरकारी फी’. पावती छापील, वर शिक्का. खरी फी ऐका: कोअरचं स्वतंत्र, म्हणजे इंडिव्हिज्युअल परमिट घरगुती कामासाठी घेतलं तर १० डॉलर, व्यावसायिक असेल तर १००. आणि आमच्यासारख्या छोट्या कामाला लागतं ते नेशनवाइड परमिट, म्हणजे ठराविक छोट्या कामांसाठीची सरसकट परवानगी, त्याला कोअरची फी शून्य. राज्याच्या कागदांची फी असू शकते, पण ती राज्याच्या नावाने, राज्याच्याच खात्यात जाते.

मोठी रक्कम गेली ती मिटिगेशनला. कल्पना चांगली आहे: तुम्ही इथली पाणथळ बुजवलीत, तर कुणीतरी दुसरीकडे बिघडलेली पाणथळ किंवा ओढा पूर्ववत करतो आणि त्याचे क्रेडिट तुम्ही विकत घेता. अशा जागांना मिटिगेशन बँक म्हणतात. बँक सरकारी समितीने मंजूर केलेली असते, तिचं काम जसजसं तपासणीत उतरतं तसतसे क्रेडिट विक्रीला मोकळे होतात, आणि ते साधारणपणे त्याच पाणलोट क्षेत्रात वापरायचे असतात. आमच्याकडून ३१,००० डॉलर घेतले, ‘क्रेडिट बुक केले’ म्हणून. बँकेचं नाव खरं होतं, पण बँक केप फिअर नदीच्या खोऱ्यात आणि आमची जमीन न्यूस नदीच्या. बँकेला फोन केला तर त्यांनी आमचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मुळात क्रेडिट किती लागतील हे कोअर ठरवतं, सल्लागार नाही. त्याआधी क्रम असतो: नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरेल त्याची भरपाई करा. जो माणूस रस्ता कुठून न्यायचा हे विचारायच्या आधी क्रेडिटचा आकडा सांगतो, त्याच्याबरोबर पुढे बोलू नये असं माझं मत झालंय.

शेवटी हाती आलं मंजुरीचं पत्र. लेटरहेड, सही, एसएडब्ल्यूने सुरू होणारा अॅक्शन आयडी म्हणजे कोअरचा फाइल नंबर, सगळं जागच्या जागी. ते पकडलं खोदकामाच्या ठेकेदाराने. साधा, कमी बोलणारा माणूस. पत्र उलटसुलट करून म्हणाला, यात पाइप किती खोल पुरायचा ते कुठे आहे? मासे वर-खाली जावेत म्हणून पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाखाली ठेवायला सांगतात, आणि तशा अटींशिवाय आलेलं पत्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. भराव बेकायदा निघाला तर मालकाबरोबर तोही अडकतो, म्हणून मशीन लावायला त्याने साफ नकार दिला.

मी कोअरच्या विल्मिंग्टन डिस्ट्रिक्टला, म्हणजे आमच्या भागाच्या ऑफिसला, पत्राची प्रत ईमेल केली. उत्तर आलं की तो आयडी दुसऱ्या काउंटीतल्या एका रस्त्याच्या कामाचा आहे आणि आमच्या जमिनीसाठी अर्जच आलेला नाही.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. पत्रावर प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव असतं, पण त्याचा नंबर पत्रावरून घेऊ नका, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरून घ्या. बँक आणि तिचे शिल्लक क्रेडिट कोअरच्या रिबिट्स या खुल्या यादीत दिसतात. जमीन घेण्याआधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा पाणथळींचा नकाशा आणि कृषी खात्याचं वेब सॉइल सर्व्हे, दोन्ही फुकट, बघून ठेवा. नकाशात पाणथळ दिसली नाही म्हणजे ती नाही असं मात्र धरू नका. आणि न्यूसच्या खोऱ्यात क्रीकच्या दोन्ही काठांना ५० फुटांचा राखीव पट्टा असतो, त्याचे नियम राज्याचे आणि वेगळे. आमच्या महाशयांनी त्याचा उच्चारही केला नव्हता.

पैशांचं म्हणाल तर राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार दिली आहे, पोलिसांतही दिली आहे. ‘सरकारी फी’ कार्डावर भरली होती, ती कार्ड कंपनीने परत मिळवून दिली. बाकीचे चेकने दिलेले, ते अडकलेत. आमच्यातल्या एका वहिनींना त्याचा अजून मेसेज येतो, “गैरसमज झालाय” म्हणून.

नव्या बाईंनी जमीन फिरून ड्राइव्हवे वरच्या अंगाला सरकवला, जिथे क्रीक अरुंद आहे आणि काठ कोरडे. पाणथळीला हातच लागत नाही. अर्ज आता रीतसर कोअरकडे आहे, प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः येऊन ओढा बघून गेला. ओढ्यावरचा परिणाम इतका कमी आहे की बाईंच्या मते क्रेडिट एकही लागणार नाही.