चार फुटांची समुद्री टाकी: कोल्हापुरात करवून घेतलेल्या कामाचे परीक्षण

डिसेंबरमध्ये मी राजारामपुरीतील आमच्या घरातली दोन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी काढली आणि तिच्या जागी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी नवी टाकी बसवली. काच, संप (मुख्य टाकीखाली ठेवायची, तिला नळ्यांनी जोडलेली दुसरी छोटी टाकी) आणि नळजोडणी शहरातल्या एका कारागिराने केली, लोखंडी स्टँड उद्यमनगरात बनवून घेतला आणि उपकरणे पुण्यातील एका विक्रेत्याकडून मागवली. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि बहुतेक पावसाळा या टाकीने पाहिलेला असल्यामुळे तिच्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. गोड्या पाण्याच्या टाक्या कोल्हापुरात घरोघरी दिसतात, परंतु मऊ प्रवाळांसह समुद्री टाकी करून देणारे हात थोडे आहेत, म्हणून या कामातील बरे-वाईट दोन्ही तपशिलाने नोंदवत आहे.

मोठ्या टाकीचा निर्णय मी हौसेपेक्षा भीतीपोटी घेतला. जुन्या टाकीत दगड-वाळू वजा जाता जेमतेम ७५ लिटर पाणी होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले नाही, पण वीज वारंवार जात होती आणि नळाला पाणी नव्हते. त्या दिवसांत दोन क्लाउनफिश आणि झोअँथिड या मऊ प्रवाळाची एक पूर्ण वसाहत माझ्या डोळ्यांदेखत गेली. एवढ्या थोड्या पाण्यात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. साधा हिशोब पाहा. समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. जुन्या टाकीतून उन्हाळ्याच्या एका दिवसात दोन लिटर पाणी उडाले आणि ते भरायचे राहिले, तर खारेपणा दुसऱ्या दिवशी ३६ वर जात असे. नव्या टाकीत संपासह सुमारे ४९० लिटर पाणी आहे. तिच्यातून दिवसाला सहा लिटर उडाले तरी तोच आकडा साडेपस्तिसाच्या आतच राहतो. अमोनिया, तापमान, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) या साऱ्यांचे असेच आहे. मोठ्या टाकीत चुका कमी होतात असे नव्हे, त्या हळूहळू होतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस कामावरून घरी पोचू शकतो.

काचेच्या कामाविषयी माझे मत चांगले आहे. सर्व बाजूंना १२ मिलीमीटरची काच, वरच्या कडेला आतून काचेच्या आडव्या पट्ट्या आणि एकसारखी, बुडबुडे नसलेली सिलिकॉनची रेघ असे हे नेटके काम आहे. सांधे भरल्यानंतर पूर्ण आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही, ही अट कारागिराने स्वतःहून घातली आणि पाळलीही. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच त्याने आपल्या अंगणात टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरून चार दिवस ठेवली. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे ही पायरी अनेकदा गाळली जाते. मोकळी टाकीच जवळपास ९० किलोची असल्याने ती घरात आणायला चार माणसे लागली.

स्टँडच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. उद्यमनगरात दीड इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा गुण्यात बसवून, वेल्डिंग घासून, पावडर कोटिंग करून देणारी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मिलीमीटरचा फरक म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मी वरच्या चौकटीची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांत तपासली. एका कोपऱ्यात दोन मिलीमीटरचा उतार निघाला, तो त्यांनी पायाच्या बोल्टवर तिथल्या तिथे काढून दिला. टाकीखाली थर्माकोलचा अखंड तक्ता घातला आहे. काच, पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि संप मिळून हे ओझे ७०० किलोंच्या वर जाते आणि ते अवघ्या आठ चौरस फुटांवर येते. राहत्या घराच्या खोल्यांचे स्लॅब साधारणतः चौरस मीटरला २०० किलोंच्या वापरभारासाठी आखलेले असतात. आमची टाकी तळमजल्यावर, जोत्यावरच असल्याने ही चिंता नव्हती. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खरी तक्रार आहे ती नळजोडणीची. टाकीच्या मागच्या बाजूला काचेची पेटी आहे, तिच्यात वरचे पाणी ओसंडून पडते आणि तीन नळ्यांनी खालच्या संपात उतरते. यातली पहिली नळी पूर्ण भरून सायफनसारखी वाहते, दुसरीतून उरलेले थोडे पाणी जाते आणि तिसरी पहिल्या दोन तुंबल्या तरच कामाला येते. ही पद्धत कारागिराने उत्तम जमवली. रात्री दिवाणखान्यात बसल्यावर पाण्याचा खळखळाट मुळीच ऐकू येत नाही. चूक झाली ती पाणी वर आणणाऱ्या नळीत. तिचे तोंड त्याने पृष्ठभागाच्या पाच इंच खाली सोडले होते. वीज गेली की पंप थांबतो, त्याच नळीतून पाणी उलटे वाहू लागते, आणि नळीच्या तोंडात हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. या टाकीतल्या पाण्याचा एकेक इंच म्हणजे जवळजवळ १९ लिटर! पाच इंचांचे ९५ लिटर आणि वर मागच्या पेटीतले पाणी असे सगळे खाली आले, तेव्हा तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच असलेला, निम्मा भरलेला संप काठावरून वाहू लागला आणि दिवाणखान्यात पाणी झाले. सुदैवाने मी ही चाचणी साध्या पाण्यावर, टाकीत एकही जीव नसताना, मुद्दाम मेन स्विच बंद करून घेतली होती. कारागिराने दुसऱ्याच दिवशी येऊन नळीचे तोंड पृष्ठभागाखाली एक इंचावर आणले आणि जादा पैसे मागितले नाहीत, याची नोंद करणे मला न्याय्य वाटते. पण वीजपुरवठा खंडित होणे ही आपल्याकडे पावसाळ्यातली नित्याची गोष्ट असताना ही चाचणी त्याच्या कामाचा भाग असायला हवी होती. काम ताब्यात घेण्यापूर्वी पंप तीन-चार वेळा बंद-चालू करून दाखवायला सांगावे आणि संपात पाण्याची कमाल पातळी मार्करने आखून घ्यावी.

उपकरणांपैकी प्रोटीन स्किमरने माझी थोडी निराशा केली. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला सेंद्रिय मळ चिकटतो आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमा होतो, हे त्याचे तत्त्व. यंत्र चांगले बनवलेले आहे आणि आवाजही कमी आहे. परंतु खोक्यावर लिहिलेली ८०० लिटरची क्षमता तुरळक मासे असलेल्या टाकीला धरून आहे, ही गोष्ट विक्रेत्याने विचारल्यावरही स्पष्ट केली नाही. माझ्या टाकीला तो पुरतो, एवढेच म्हणता येईल. रिटर्न पंपाचा, म्हणजे संपातले पाणी वर आणणाऱ्या पंपाचा, कंट्रोलर सहाव्या आठवड्यात बंद पडला. विक्रेत्याने तो बदलून दिला, मात्र त्यासाठी बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत जुन्या टाकीचा छोटा पंप कामी आला, म्हणून जुने सामान विकायची घाई करू नये.

चिलरवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, खर्च करावा की नाही, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडचा हिवाळा सोसण्याजोगा असतो, २०० वॅटच्या हीटरवर भागते. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले. पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन पंखे लावून ते २८ पर्यंत उतरले, पण पाणी झपाट्याने उडू लागले, आणि मला तापमान २६ च्या आसपास हवे होते. अखेर पाव अश्वशक्तीचा चिलर घेतला. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, त्यामुळे बंद खोलीत ठेवल्यास स्वतःच तापवलेल्या हवेशी झुंजत बसतो. आम्ही भिंतीला भोक पाडून तो मागच्या पडवीत ठेवला आणि वीजबिलात लगेच फरक दिसला. इन्व्हर्टरवर चिलर किंवा दिवे जोडलेले नाहीत. केवळ रिटर्न पंप आणि पाणी हलवणारे दोन पंप असा ८० वॅटचा भार आहे, आणि १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी तो १२ ते १४ तास सहज ओढते. वीज नसताना जीव पहिल्यांदा जातात ते प्राणवायूच्या अभावाने, अंधाराने नव्हे.

पाण्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी या टाकीला चालत नाही, कारण पिण्यास रुचकर व्हावे म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळलेली असतात. मी आरओनंतर डीआय रेझिनचे (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचे) नळकांडे असलेला स्वतंत्र संच बसवला असून क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य आल्याशिवाय त्यातले पाणी वापरत नाही. पावसाळ्यात महापालिकेच्या पाण्याला गढूळपणा आला की पहिला गाळणीचा कार्ट्रिज महिन्याच्या आत तपकिरी होतो. त्याचे सुटे नग जूनच्या आधीच आणून ठेवणे चांगले. पहिल्या भरणीला सुमारे १८ किलो समुद्री मीठ लागले. मी रेड सी कंपनीचे मीठ आणि सॅलिफर्ट कंपनीचे चाचणी संच वापरतो, दोन्हींविषयी समाधानी आहे. एका स्नेह्याने मालवणहून कॅनमधून समुद्राचे पाणी आणण्याचे सुचवले होते. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा पावसाळ्यात नद्या-ओढ्यांमुळे उतरतो आणि त्यात काय काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून मी ते टाळले.

किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळाचे तुकडे आणण्याचा विचार तर कोणीच करू नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे आणि त्यांच्या जोडीला समुद्रघोडेही समाविष्ट करण्यात आले. परदेशातील टाक्यांची छायाचित्रे दाखवून रंगीत कठीण प्रवाळ देऊ करणारे विक्रेते भेटतात. त्यांना मी नकार दिला. माझ्याकडे मश्रूम, झोअँथिड, लेदर आणि हिरवे स्टार पॉलिप असे मऊ प्रवाळच आहेत, आणि दगड कारखान्यात बनवलेले सच्छिद्र सिरॅमिकचे आहेत. क्लाउनफिशसुद्धा पैदास केंद्रातलेच घेतले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

स्थलांतराला एक पूर्ण रविवार गेला. मिठाचे पाणी दोन दिवस आधी ड्रममध्ये कालवून, पंपाने ढवळत ठेवले होते. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः दगडांवर असतात, म्हणून जुने दगड क्षणभरही सुकू न देता ओले हलवले. जुनी वाळू मात्र फेकून दिली, कारण ती ढवळली की तिच्यात साठलेली घाण एकदम पाण्यात उतरते. पंधरा दिवस मी रोज अमोनिया तपासला, तो एकदाही दिसला नाही. नवे एलईडी दिवे जुन्यांपेक्षा कितीतरी प्रखर असल्याने ते ३० टक्क्यांवर सुरू करून दीड महिन्यात ६५ वर नेले. तरीही लेदर प्रवाळ दहा दिवस मिटून बसला आणि मेणासारखी कात टाकल्यावरच पुन्हा फुलला. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी शैवालाचा थर आला आणि महिन्याभरात आपोआप गेला. मश्रूमची एक वसाहत तेवढी वाचवता आली नाही.

टाकी, संप आणि नळजोडणी यांचे ६२ हजार रुपये झाले, स्टँडचे १४ हजार. उपकरणांसह सगळा खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. हाच खर्च पुन्हा करायचा झाला, तर दिवे एक पायरी स्वस्तातले घेऊन स्किमर एक पायरी मोठा घेईन, आणि काचेचे काम याच कारागिराला देईन; फक्त नळीच्या तोंडाची उंची, संपातील मोकळी जागा आणि वीज बंद करून घ्यायची चाचणी या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून त्यावर त्याची सही घेईन. ठरलेल्यापैकी वरच्या जाळीचे झाकण त्याने अजून दिलेले नाही. दोनदा माप घेऊन गेला आहे, गणपतीनंतर बसवतो म्हणाला आहे. फायरफिश हा मासा घाबरला की सरळ टाकीबाहेर उडी घेतो, त्यामुळे पुण्याच्या विक्रेत्याकडे राखून ठेवलेली जोडी झाकण बसेपर्यंत मी आणणार नाही.