स्टीम की जीओजी? माझ्यापुरता डीआरएमचा निकाल

गेम स्टीमवर घ्यायचा की जीओजीवर (दोन्ही कॉम्प्युटर गेम विकणारी ऑनलाइन दुकानं), हे नाशिकमधले मित्र सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. सेल आणि कलेक्शनमध्ये स्टीम पुढे आहे, त्यावर वाद नाही.

वाद होतो डीआरएमवर, म्हणजे गेम परवानगीशिवाय कॉपी होऊ नये किंवा चालू नये म्हणून लावलेल्या डिजिटल कुलपावर. आमच्या सिडकोच्या कट्ट्यावर काहीजण म्हणतात डेनुवो (गेमवर वेगळं बसवलेलं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर) असेल तरच डीआरएम, काहींना स्टीमचं क्लायंट, म्हणजे पीसीवरचं स्टीमचं अ‍ॅप, हेच डीआरएम वाटतं. मला दुसरं पूर्ण पटत नाही, कारण स्टीमवरचे बरेच गेम फोल्डर उघडून स्टीम बंद असतानाही चालू होतात, कुलूप लावायचं की नाही ते पब्लिशर ठरवतो.

माझं डोकं फिरवलं ते लाँचरनी, म्हणजे गेमच्या आधी उघडणाऱ्या पब्लिशरच्या अ‍ॅपनी. एका मोठ्या पब्लिशरचा सिंगल प्लेअर गेम, पैसे मोजून घेतलेला, आणि आत त्यांचा वेगळा लाँचर. दिवाळीत सुरगाण्याला मामांकडे लॅपटॉप नेला, तिथे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. प्ले दाबलं की आधी स्टीम, मग लाँचर, मग सेशन संपलंय पुन्हा लॉगिन करा, आणि कोड येणार मेलवर, तोही येईना, मामेभाऊ शेजारी बसून विचारतोय दादा कधी चालू होणार. एकट्यानं खेळायच्या गेमला कंपनीची परवानगी कशाला लागते? मी तरी यालाच डीआरएम म्हणतो, तांत्रिकदृष्ट्या चूक असेल कदाचित.

जीओजीचं वेगळं. विचर 3 या गेमचे ऑफलाइन इन्स्टॉलर माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, एक सेटअप फाइल आणि तिच्यामागे चार-चार जीबीच्या .bin फायली, डाउनलोड करायला कंटाळा येतो आणि अपडेटही हातानं टाकावे लागतात, पण नेट नसलं तरी बिनधास्त चालतं. तेही धुतल्या तांदळाचे नाहीत म्हणा, 2021 मध्ये हिटमॅन हा गेम आणला, त्यात अर्ध्या गोष्टींना ऑनलाइन लागायचं, लोक भडकले आणि काढावा लागला.

मित्रांबरोबर मल्टीप्लेअर खेळायचं असेल तर स्टीमच बरं. पण सिंगल प्लेअर गेम जीओजीवर मिळत असेल तर थोडे जास्त गेले तरी मी तिथूनच घेतो. स्टीमवर घेणार असाल तर पेजच्या उजव्या बाजूला बघा, थर्ड पार्टी (म्हणजे स्टीमबाहेरच्या कंपनीचं) डीआरएम आणि थर्ड पार्टी अकाउंट असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, मी दोन्ही सारखंच धरतो आणि दिसलं की सेलची वाट बघत बसतो.