टॉवेल कारखान्यासाठी ट्रान्सफॉर्मर: सीआरजीओ घ्यावा की अमॉर्फस?

सोलापुरात अक्कलकोट रोडला नाहीतर चिंचोळीला कारखाना टाकताय, 11 केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन घेताय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर तुमचा स्वतःचा आणि मीटर एचटी बाजूला असेल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारं प्रत्येक युनिट तुमच्याच बिलात. कोटेशनं दोन येतात, एक सीआरजीओ पत्र्याच्या कोअरचं, दुसरं अमॉर्फस धातूच्या कोअरचं (कोअर म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा), अमॉर्फसवालं महाग दिसतं आणि मालक लगेच सीआरजीओ उचलतात. एवढी घाई करू नका.

ट्रान्सफॉर्मरमध्ये करंट कोअरला चुंबक बनवतो, हे चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा पूर्ण फिरतं आणि त्यानं दुसऱ्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, व्होल्टेज तयार होतं, वेढ्यांच्या प्रमाणात, 11,000 व्होल्टचे 433. पण कोअरचं लोखंड असं सारखं उलटसुलट करायला ऊर्जा लागते, शिवाय त्या लोखंडातच करंटचे भोवरे फिरतात, आणि या दोन्हीची उष्णताच होते. हा नो-लोड लॉस. संक्रांतीला गड्डा यात्रेसाठी माग बंद ठेवले, रात्री कुलूप लावलं, तरी लाइन चालू आहे तोवर हा चालूच.

सीआरजीओ म्हणजे साधारण 3 टक्के सिलिकॉनचा पोलादी पत्रा, 0.23 ते 0.30 मिमी जाड, प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर. अमॉर्फसची पट्टी फक्त 0.025 मिमीच्या आसपास, म्हणून भोवरे कमी, आणि वितळलेला धातू एकदम गार करून बनवलेली, म्हणून चुंबकत्व सहज उलटतं. नो-लोड लॉस साधारण एक तृतीयांशावर येतो. समजा एकाचा 450 वॉट, दुसऱ्याचा 150, तर फरक 300 वॉट, वर्षाचे तास 8,760, म्हणजे 2,628 युनिट. तुमच्या दरानं गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षांत निघतो ते बघा.

आता दुसरी बाजू. वाइंडिंगमधला लॉस, म्हणजे लोड लॉस, करंटच्या वर्गानं वाढतो, अर्ध्या लोडला पाव, फुल लोडला पूर्ण, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के वाढतो. अमॉर्फस इथं काहीच वाचवत नाही. वर तो आकारानं मोठा, पट्टी ठिसूळ, त्यामुळे रिपेअरला कोअर उघडणारा कारागीर जाणकारच लागतो.

म्हणून माझं मत असं, एकच शिफ्ट असेल, सुट्ट्या जास्त असतील, तर डोळे झाकून अमॉर्फस घ्या. तिन्ही शिफ्ट फुल लोडवर असतील तर चांगला सीआरजीओ घ्या आणि वाचलेला पैसा कमी लोड लॉसच्या जाड वाइंडिंगमध्ये घाला.

एक मात्र नक्की करा, आयएस 1180 या ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकात 50 आणि 100 टक्के लोडवरचे एकूण लॉसेस असतात, तेवढ्यावर भागवू नका, नो-लोड आणि लोड लॉस वॉटमध्ये वेगवेगळे लिहून मागा आणि डिलिव्हरीच्या आधी टेस्ट रिपोर्टशी ताडून बघा.