कडुनिंबाचा गोचीड-फवारा: साडेसात महिने, नऊ बाटल्या आणि एक तुंबणारे नोझल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ठमी कुत्रीने सलग दोन दिवस दूधभाकरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत प्लेटलेट्स ४२ हजार निघाल्या, तेव्हा हा अभिप्राय लिहायचे ठरले. निदान गोचीडतापाचे झाले. एर्लिकिया नावाचा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो. त्यावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस चालल्या आणि आता ठमी ठणठणीत आहे. ती चौदा किलोंची गावठी कुत्री आहे आणि आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो.

हा फवारा मी १ जूनपासून वापरत होतो. त्यात कडुनिंब व करंजाचे तेल, सिट्रोनेला हे सुगंधी तेल आणि वेखंड आहे. दोनशे मिलीची बाटली ३९० रुपयांना पडते आणि रोज फवारल्यास पंचवीस दिवस पुरते. पावसाळ्यात पिसवा इतक्या कमी झाल्या की मी ओळखीच्या चार जणांना हीच बाटली घ्यायला लावली, त्याबद्दल आता त्यांची क्षमा मागतो.

मुख्य तक्रार नोझलची आहे. कडुनिंबाचे तेल थंडीत गोठते, हे घरात तेलाची बाटली ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ते बनवणाऱ्यांना मात्र ठाऊक नसावे, कारण त्यांनी सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवले आहे. डिसेंबरात रोज सकाळी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, टाचणीने छिद्र मोकळे करायचे आणि तरीही फवाऱ्याऐवजी एकच चिळकांडी उडून माझ्या चष्म्यावर बसायची. तक्रार केल्यावर ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवावी’ असे उत्तर आले. दुसऱ्यांदा लिहिल्यावर नवे नोझल आले, तेही त्याच छिद्राचे, आणि कुरिअरचे साठ रुपये माझ्याच माथी.

शेवटी वैतागून मी तेल तळहातावर घेऊन अंगाला चोळू लागलो आणि पहिल्याच दिवशी कानांच्या घड्यांत, गळपट्ट्याखाली व बोटांच्या बेचक्यांत मिळून अकरा गोचिडी हाताला लागल्या. येथे माझे मत बदलले. पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी लिखांच्या फणीने ठमीला विंचरत असे आणि तिचे अंथरूण दर रविवारी गरम पाण्यात धूत असे. ऑक्टोबरात, फवारा चांगला चालतो आहे असे समजून, फणी आणि धुणे दोन्ही सोडले व हातभर अंतरावरून फुसफुस करून मोकळा होऊ लागलो. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात पडतात आणि अळ्याही तेथेच वाढतात, त्यामुळे पावसाळ्यातले श्रेय बाटलीपेक्षा त्या फणीला आणि गरम पाण्याला अधिक होते. नोझल तुंबले नसते तर त्या अकरा गोचिडी मला सापडल्याच नसत्या, हे मान्य करतो. तरीही नोझल वाईट ते वाईटच.

कडुनिंब निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातील अझाडिरॅक्टिन कीटकांची वाढ रोखते आणि वासाने ते काही काळ दूर राहतात. परंतु कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीवर चढते, खिडकीच्या चौकटीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि काही न खाता महिनोन्महिने तग धरते. तिच्यापुढे अंगावरचा वास काय करणार? मी फटी पुट्टीने बुजवल्या आणि त्या पुट्टीचा उपयोग नऊ बाटल्यांहून जास्त झाला.

मांजर असलेल्यांनी विशेष सावध राहावे. मांजराचे यकृत सुगंधी तेलांतील अनेक घटकांचा निचरा नीट करू शकत नाही आणि ती स्वतःला चाटतच असते. टी ट्री तेल तर कुत्र्यालाही बाधते. माझ्या आत्याने सुचवलेला ‘भाकरीत लसूण’ हा उपायही करू नये, कारण लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. अंगाला चिकटलेल्या गोचिडीवर तेल ओतून ती सुटण्याची वाट पाहू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

आता हिशेब. नऊ बाटल्यांचे ३,५१० रुपये झाले. डॉक्टरांनी वजनानुसार दिलेली, गोचिडी-पिसवा मारणारी फ्ल्युरालानरची गोळी मला १,८०० रुपयांना पडली. ती बारा आठवडे चालते, म्हणजे तेवढ्याच काळाला तीन गोळ्या, ५,४०० रुपये. मी वाचवलेले १,८९० रुपये तपासण्या, औषधे आणि रिक्षा यांच्या ६,४०० रुपयांत बुडाले. गोळीलाही धोका आहे. या गटातील औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता. म्हणून ठमीला कधी फिट आली होती का, हे डॉक्टरांनी आधी विचारून घेतले.

नववी बाटली अर्धी उरली आहे. ती मी अंगणातल्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांसाठी वापरतो. नोझल तेथेही तुंबतेच, म्हणून दातांच्या जुन्या ब्रशने लावतो.