गोणीतला तयार चुना की कळीचा चुना: जुन्या घराच्या भिंतीसाठी

पुण्याच्या पेठांमधली किंवा डेक्कन-शिवाजीनगर भागातली जुनी बैठी घरं, छोटे बंगले स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला घेतलेल्या जोडप्यांची पहिली गाठ पडते ती ओल धरलेल्या भिंतीशी. दुकानात गेलं की वॉटरप्रूफिंगचा डबा, पुट्टी आणि सिमेंटची गोणी पुढे येते. चुन्याच्या सांध्यांत रचलेल्या विटांना यातलं काहीच मानवत नाही. तिथे चुनाच लागतो, आणि बाजारात तो दोन रूपांत मिळतो: आधीच विरवून (पाणी घालून फोडून) पूड केलेला तयार चुना आणि न विरवलेला कळीचा चुना. गिलाव्यासाठी कळीचा चुना घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तयार पूड सफेदीला आणि किरकोळ डागडुजीला चालते, अख्ख्या भिंतीच्या गिलाव्याला नाही.

आधी भिंत ओळखा. आतल्या बाजूचा सांधा खिळ्याने खरवडून पाहा. पांढुरका, बोटांत चुरा होणारा आणि मध्येच चुन्याचे ठिपके दिसणारा माल असेल तर भिंत चुन्यातली आहे. करडा, टणक, खिळ्याला दाद न देणारा थर सिमेंटचा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांमध्ये खूप घरांची पडझड झाली, दुरुस्त्याही झाल्या. त्यामुळे वर चुना आणि खाली कमरेपर्यंत सिमेंट अशी भिंत दिसली तर गोंधळू नका. सांधा मातीचा निघाला तर मात्र पुढचं प्रमाण जसंच्या तसं वापरू नये, ते काम वेगळं.

सिमेंटच्या गिलाव्याखाली ओल अडकते. मऊ वीट पाणी पिते, ते पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर जाऊन भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. पण कुठलाही चुना पाण्याचा उगम बंद करत नाही, हे लक्षात ठेवा. फुटलेली पन्हळ, भिंतीतला गळका नळ आणि पुण्यात हमखास आढळणारं तिसरं कारण आधी पाहायला हवं: रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून घराचं जोतंच खाली गेलेलं असतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच असेल तर आधी भिंतीलगत चर खणून पाणी काढून द्या. ते न करता केलेला गिलावा दोन पावसाळ्यांत पुन्हा उतरवावा लागेल.

आता माल. दुकानात नुसता ‘चुना’ मागितला तर पुडीतला किंवा गोणीतला सफेदीचा चुना मिळतो. ‘कळीचा, न विरवलेला, खड्यांचा’ असं नीट सांगावं लागतं. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिले आहेत. त्यातला ‘क’ वर्ग म्हणजे शुद्ध, फॅट लाइम. आतल्या गिलाव्याला तोच घ्या. गोणीच्या आत प्लास्टिकचं अस्तर आहे का ते बघा. चांगला खडा आकारमानाच्या मानाने हलका असतो आणि एकमेकांवर आपटला की खणखणतो. गोणीच्या तळाशी भुगा जास्त असेल तर त्याला हवा लागली आहे, परत करा. घेण्याआधी सुपारीएवढा खडा स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकून पाहा. काही मिनिटांत तो सुसू करत फुटला आणि वाटी चटका बसेल इतकी तापली, तर माल ताजा आहे. मध्ये दगडासारखी गाठ उरली तर भट्टीत नीट भाजलेला नाही. पावसाळ्यात हा माल साठवू नये: दमट हवेने गोणी फुगते, तापते, फाटते.

तयार पुडीची कसोटी व्हिनेगर. चमचाभर पुडीवर थोडं व्हिनेगर घाला. खूप फेस आला तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अर्धामुर्धा खडू झालेला आहे आणि भिंतीवर धरणार नाही. ताज्या पुडीला फेस जवळजवळ येत नाही. गोणीवर भरल्याची तारीख छापलेली नसेल तर आम्ही ती घेऊ नका असंच सांगू. पूड चांगली निघाली तरी किमान २४ तास पाण्यात भिजवूनच वापरायची. इतकं करूनही मुरलेल्या कळीच्या चुन्याचा चिकटपणा तिला येत नाही. थापीवरून ती सुटी सुटी पडते, भिंतीला घट्ट बसत नाही.

चुना विरवणं हे दोघांचं काम, एकट्याने करू नये. २०० लिटरचं लोखंडी पिंप घ्या. प्लास्टिकचं नको, उष्णतेने ते वितळू शकतं. एक किलो कळीला साधारण तीन लिटर पाणी धरायचं. २५ किलोच्या गोणीला ७५ लिटर. आधी पाणी, मग चुना, हा क्रम कधीही उलटा करू नका, नाहीतर उकळतं पाणी अंगावर उडेल. दोन-तीन किलोचे हप्ते घाला. एकाने खडे सोडायचे, दुसऱ्याने लांब दांड्याच्या फावड्याने ढवळायचं. चष्म्यासारखा साधा गॉगल पुरत नाही, चारही बाजूंनी बंद असलेला घ्या. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली हवीच. डोळ्यात गेला तर किमान २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचा आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी त्याला नातेवाइकांकडे ठेवा.

दुसऱ्या दिवशी हा घोळ डासांच्या जाळीतून गाळा आणि वर दोन-तीन इंच पाणी उभं राहील असा झाकून ठेवा. ही गाळणी टाळली तर न विरलेले कण गिलाव्यात जातात आणि काही आठवड्यांनी भिंतीतच विरतात. त्यातून पापुद्रा उडून रुपयाएवढा खोलगट खड्डा पडतो आणि मधोमध पांढरा ठिपका दिसतो. असा खड्डा दिसला की कारण शोधायची गरज नाही. गाळलेला चुना कमीत कमी पंधरा दिवस मुरू द्या, तीन महिने मिळाले तर फारच उत्तम. मुरलेला लगदा ताज्या लोण्यासारखा होतो: थापीने कापला की कड उभी राहते, ढासळत नाही. २५ किलोंतून असा ५० लिटरच्या आसपास लगदा निघतो. वर साचणारी निवळी फेकू नका, भिंत ओली करायला तीच वापरा.

दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला दीड सेंटिमीटर जाडीचा गिलावा धरला आणि खाचाखोचांची भर घातली, तर दहा लिटरच्या बादलीने सुमारे १८ बादल्या वाळू आणि ६ बादल्या लगदा लागतो. वरच्या गुळगुळीत थराला आणखी एक-सव्वा बादली. म्हणजे भिंतीमागे ३५ ते ४० किलो कळी. प्रमाण एकास तीन, बादलीने मोजून, अंदाजाने नाही. पुण्यात मिळते ती क्रश सँड काळ्या दगडाची असते आणि तिच्यात धूळ भरपूर. काचेच्या बरणीत अर्धी वाळू आणि पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती धुऊन घ्यावी, नाहीतर गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात.

मिश्रण करताना पाणी घालायचा मोह होतो. घालू नका. लगद्यातलंच पाणी पुरतं, फक्त फावड्याने किंवा कमी वेगाच्या ड्रिलला मिक्सर दांडी लावून पुन्हा पुन्हा मळायचं. काँक्रीटच्या फिरत्या ड्रममध्ये चुन्याचे गोळे होतात. गवंडी हमखास सुचवतात तसं ‘मूठभर सिमेंट’ही टाकू नये. सिमेंट आधी आवळून धरतं, चुना मागे राहतो आणि दोघांचंही बळ जातं.

जोत्याजवळच्या ओलसर पट्ट्यात आणि बाहेरच्या बाजूला वाळूचा एक भाग काढून त्याजागी सुर्खी (विटेची पूड) घाला: एक चुना, एक सुर्खी, दोन वाळू. सुर्खीसाठी मऊ, कमी भाजलेली वीट घ्या. काळपट, खणखणीत विटेची पूड चुन्याशी काहीच करत नाही. सुर्खीचं मिश्रण त्याच दिवशी संपवा. बिनसुर्खीचा कालवलेला माल मात्र ओल्या गोणपाटाखाली कित्येक दिवस टिकतो. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायच्या जुन्या रीती खऱ्या आहेत, पण माप चुकलं तर गूळ जमणं लांबवतो आणि मुंग्या आणतो. जाणता गवंडी शेजारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

जुना सिमेंट गिलावा छिन्नी-हातोड्यानेच काढा. इलेक्ट्रिक ब्रेकरने विटांचं तोंड उडतं. सांधे १२ ते १५ मिलिमीटर खोल कोरा, ब्रशने धूळ काढा. निघालेला राडारोडा नदीपात्रात टाकू नका. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंत भिजवा, पण लावताना तिच्यावर पाणी चमकायला नको. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते, मग तो पोकळ वाजतो. पहिला थर ८-९ मिलिमीटर, थापीने जोरात फेकून. त्यावर आडव्या-तिरप्या रेघा ओढून आठ-दहा दिवस थांबा, मग सहा मिलिमीटरचा दुसरा. शेवटी दोन मिलिमीटर गुळगुळीत, लगदा आणि संगमरवरी भुकटी समसमान.

काम बिघडतं ते दुसऱ्या दिवशी. चुना सुकताना आक्रसतो आणि भेगा पडतात, हे ठरलेलंच आहे. अंगठा दाबल्यावर खूण उमटते पण बोट आत जात नाही, अशा वेळी लाकडी रंध्याने (गवंड्याच्या सपाट फळीने) गोल गोल दाबून सगळ्या भेगा मिटवायच्या. ही वेळ हुकली की भेग कायमची. म्हणून दोघांनी मिळून दिवसाला तीस-पस्तीस चौरस फुटांपेक्षा जास्त घेऊ नये. एकाने मळावं, दुसऱ्याने लावावं, आणि दर तासाने हात बदलावेत.

चुना जमतो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि त्यासाठी भिंतीत ओलावाही लागतो. म्हणून प्लास्टिक लावून बंद करायची नाही. भिंतीपासून थोडं अंतर सोडून ओलं गोणपाट टांगा आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा, निदान सात दिवस. एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हात बाहेरची भिंत घेऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पूर्ण जमायला महिन्याला साधारण एक मिलिमीटर असा हिशेब असतो, त्यामुळे खिळा ठोकायची घाई नको.

वर प्लास्टिक पेंट किंवा पुट्टी लावली तर इतकी मेहनत वाया जाते, ओल परत आतच. तीन-चार पातळ हात सफेदीचे द्या, रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी घाला. हाताला पांढरं लागतं म्हणून लोक सफेदीत फेविकॉल घालतात. त्याने भिंतीचा श्वास कमी होतो, थोडा डिंक घालणं बरं.

उरलेला लगदा झाकणाच्या बादलीत, वर चार बोटं पाणी ठेवून, तारीख लिहून सावलीत ठेवा. पाणी आटू दिलं नाही तर तो वर्षानुवर्षं टिकतो.