आधी गोषवारा की थेट पूर्ण पेपर?

दिवाळीची सुट्टी संपली की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉन्फरन्सची ब्रोशर्स फिरू लागतात. काही ठिकाणी तीनशे शब्दांचा गोषवारा मागतात, तो परीक्षक वाचतात आणि मग होकार-नकार कळवतात. बाकीचे थेट पूर्ण पेपर आणि नोंदणी शुल्क मागतात. कार्यक्रमाच्या दिवशी आयएसबीएन असलेलं पुस्तक हातात. मी दोन्हीकडे पेपर पाठवले आहेत.

थेट पेपरची सोय खोटी नाही. नकार सहसा येत नाही, छापील पुरावा लगेच मिळतो. पदोन्नतीची फाइल अडकलेल्याला तो हवाच असतो. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीतला प्राध्यापकांच्या गुणांचा तक्ता नीट वाचा. राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर पेपर वाचल्याचे 2 गुण, राष्ट्रीयला 3, देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीयला 5. आणि वाचलेला पेपर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे कॉन्फरन्सच्या पुस्तकात, पूर्ण छापून आला तरी गुण एकदाच. पीएचडी करणाऱ्यांवर 2016 च्या नियमांनी दोन पेपर वाचायची सक्ती होती, 2022 च्या नियमांत ती राहिली नाही. तरी आपल्या गाइडना विचारून घ्या.

माझं मन फिरलं ते एका तक्त्यामुळे. पेपर होता आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘ळ’च्या जागी येणाऱ्या ‘य’वर. डाव्या रकान्यात प्रमाण मराठी, उजव्यात अहिराणी: डोळा–डोया, केळी–केयी, काळा–काया. आयोजकांना पेपर जुन्या फॉन्टात हवा होता, माझा युनिकोडमध्ये होता, म्हणून त्यांनीच तो बदलून घेतला. परतीच्या एसटीत पुस्तक उघडलं. रफार उडाले होते, ते एक वेळ चाललं असतं. पण कुणीतरी माझं ‘शुद्धलेखन’ सुधारलं होतं. उजव्या रकान्यातही डोळा, केळी, काळा! ‘मना डोया दुखी ऱ्हायना’ हे माझ्या मायचं वाक्य, तेही सुधारलेलं. खाली दोन पानं मी जे मांडलं होतं, त्याला आधारच उरला नाही. प्रूफ दाखवलं नव्हतं. फोन केला तर, “पुस्तक तर छापून झालं, सर.” माझ्या नावावर ते पान आजही तसंच आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी तोच विषय दुसरीकडे गोषवारा म्हणून पाठवला. पहिल्या मसुद्यात अर्धी जागा ग्रिअर्सनने त्याच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांसोबत कसं बसवलं यातच गेली. ते सगळं काढलं. प्रश्न काय, उदाहरणं कुठून घेतली, हाती काय लागलं, एवढंच ठेवलं. होकारासोबत परीक्षकांची एक ओळ आली: “बोलणाऱ्यांचं गाव आणि वय लिहा.” त्या एका ओळीसाठी मी साक्री आणि पारोळ्याला पुन्हा जाऊन आलो. सादरीकरणानंतर यावलकडच्या एका ताईंनी त्यांच्या भागातल्या लेवा गणबोली या बोलीतल्या ‘य’कडे लक्ष वेधलं, तेही लिहिताना घेता आलं. पूर्ण पेपर त्यानंतर दिला आणि छापण्याआधी प्रूफ मीच तपासलं.

यात वाट पाहावी लागते, हे खरं. दीड-दोन महिने उत्तर येत नाही. माझा एक गोषवारा नाकारलाही गेला, आणि स्वीकारलेला पेपर छापला जाईलच असंही नसतं. मार्चच्या आत कागद हवाच असेल तर थेट पेपर पाठवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण विषयात बोलीतली उदाहरणं, गाणी, म्हणी असतील आणि हाताशी थोडा वेळ असेल, तर मी गोषवाराच सुचवेन.

आणि थेट पेपरच द्यायचा ठरला, तर शुल्क भरण्याआधी आयोजकांना फोन करून एवढंच विचारा: छापण्यापूर्वी प्रूफ दाखवणार का?