पॉवरपॉइंट: मराठीतून बोलणाऱ्यांसाठी कितपत उपयोगी?

पडद्यावर काही दाखवत बोलायचे ठरले की पॉवरपॉइंटच वापरायचे, हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की त्याचे गुणदोष तपासून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. फोरथॉट या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ते बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. वर्गात आणि व्याख्यानांत मराठीतून बोलताना मी ते दीर्घकाळ वापरत आलो आहे. त्यातील ज्या सोयी केवळ वक्त्याला दिसतात त्या फार मोलाच्या आहेत, तर श्रोत्यांना दिपवण्यासाठी दिलेल्या बहुतेक सोयींपासून दूर राहिलेलेच बरे, असे माझे मत आहे.

वक्त्याच्या सोयींत सर्वांत वरचे स्थान ‘प्रेझेंटर व्ह्यू’चे. श्रोत्यांना फक्त चालू स्लाइड दिसत असताना वक्त्याच्या लॅपटॉपवर तीच स्लाइड, पुढची स्लाइड, स्वतःची टिपणे आणि झालेला वेळ हे सारे एकत्र दिसते. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे नेणारे वाक्य अडखळत नाही, आणि श्रोत्यांकडे पाठ करून पडदा वाचत राहण्याची सवयही सुटते. विंडोजवर दुसरा पडदा जोडलेला नसतानाही ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ५’ या कळा एकत्र दाबल्या की हे दृश्य उघडते, त्यामुळे घरच्या घरी तालीम करता येते. कार्यक्रम चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा ज्या पुण्याला आहे, तिथल्या श्रोत्याला वक्त्याचा चेहरा आणि शब्द पुरतात. म्हणून एखादा प्रसंग सांगताना किंवा प्रश्न घेताना पडदा बाजूला सारणारी ही साधी कळ मला विशेष प्रिय आहे.

‘रिहर्स टायमिंग्ज’ ही सोय तालमीत प्रत्येक स्लाइडला लागलेला वेळ नोंदवते. वीस मिनिटांच्या भाषणातली आठ मिनिटे प्रस्तावनेनेच खाल्ली, हे कागदावरच्या आराखड्यावरून कळत नाही, ते इथे कळते. मात्र तालीम उभे राहून, मोठ्याने करायला हवी. शेवटी हे वेळ जपून ठेवायचे का, असे विचारले जाते. तेव्हा नकार द्यावा, कारण होकार दिल्यास प्रत्यक्ष कार्यक्रमात स्लाइड त्या वेळांप्रमाणे आपोआप पुढे सरकू लागतात.

मोठा दोष साच्यात आहे. नवी स्लाइड घेतली की वर शीर्षकाची आणि खाली ठिपक्यांच्या यादीची चौकट तयारच असते, आणि नवखा वक्ता विषयाचे तुकडे करून तो मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांच्याही उपमुद्द्यांत भरू लागतो. त्यात महत्त्वाची गोष्ट कुठे जाऊन पडते, याचे अतिशय दुःखद उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचे आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला. त्याविषयी अभियंत्यांनी नासापुढे ठेवलेल्या एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते; आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घन इंचांचा असून चाचण्या मात्र ३ घन इंचांच्या तुकड्यावर झालेल्या आहेत, ही बाब अगदी तळाच्या उपमुद्द्यात होती. १ फेब्रुवारी रोजी कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात त्या स्लाइडमुळे झाला असे नाही, परंतु चौकशी मंडळाने अहवालात तिची स्वतंत्र दखल घेतली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या पद्धतीवर टीका केली. तेव्हापासून कोणाची स्लाइड पाहताना मी प्रथम तळाची ओळ वाचतो. निष्कर्ष पूर्ण वाक्यात शीर्षकाच्या जागी लिहावा, खाली त्याला आधार देणारे एखादे चित्र किंवा आलेख ठेवावा आणि तपशील छापील टिपणात द्यावा.

देवनागरीसाठी थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर सभागृहातील संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो, म्हणून युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धतीच वापरावी. मुक्त किंवा बालू यांसारखा वेगळा फॉन्ट निवडल्यास सेव्हच्या पर्यायांत जाऊन तो फाइलमध्येच अंतर्भूत करावा आणि सोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. मात्रा, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे ओळींमधील अंतर वाढवावे आणि अक्षर इंग्रजीपेक्षा थोडे मोठे घ्यावे.

ज्यांना स्वतःच्याच लॅपटॉपवरून बोलायचे आहे त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी लिबरऑफिसचे मोफत इम्प्रेस जरूर पाहावे, कारण वक्त्यासाठीचे वेगळे दृश्य आणि वेळ मोजून तालीम या दोन्ही सोयी त्यातही आहेत. ज्यांना आपली फाइल आयोजकांच्या संगणकावर चालवावी लागते, त्यांना पॉवरपॉइंटच घ्यावे असे मी सुचवेन. इम्प्रेसमधील मांडणी तिथे उघडताना विस्कटू शकते, आणि कार्यक्रमाला पाच मिनिटे उरलेली असताना ती सावरत बसणे कोणत्याही वक्त्याला परवडणारे नाही.